जपून चालवा

माझ्या धाकट्या दिरांना सगळे कव्हरभाऊजी म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्याचा त्यांना कधी राग आलेला मी पाहिला नाही. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर दुकानात चिकटवलेली प्लास्टिकची पातळ चकती अजून तशीच आहे. तिच्या आडून काटे धूसर दिसतात, म्हणून ते दुसऱ्याला वेळ विचारतात. एकदा चिंब भिजून घरी आले तेव्हा काखेत कोरडी छत्री होती. आमचे हे म्हणाले, "अरे, छत्रीला पाऊस लागू नये म्हणून तू भिजलास की काय?" भाऊजी म्हणाले, "वारा होता ना दादा. काडी मोडली असती."

यावर आम्ही वर्षानुवर्षं हसलो. यंदा मात्र हसू येईना. सकाळची माळ ओढून झाली की मी वहीत चार ओळी लिहिते, ती माझी जुनी सवय. या उन्हाळ्यातल्या ओळी परवा ओळीनं वाचल्या आणि वाटलं, भाऊजींचं हे सगळं एकदा सलग मांडून ठेवावं. निदान देवाला तरी वाचायला सोपं जाईल.

भाऊजींचा जन्म एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेला. मोठी थंड खोली, छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर तेलकट कागदात गुंडाळलेले सुटे भाग. बेअरिंग, पट्टे, दात असलेली चाकं. कुणी भाग मागायला आलं की भाऊजी आधी विचारत, "जुना खरंच गेलाय का? एकदा पुसून बघितलात?" कारागीर वैतागायचे. काही यंत्रं भंगारात गेली तरी त्यांचे भाग स्टोअरमध्ये कोरेच होते. निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले, यांच्या हातून एक वस्तू खराब झाली नाही. भाऊजींनी ते वाक्य मला येऊन दोनदा सांगितलं.

माझी जाऊ त्यांच्या अगदी उलट होती. खळखळून हसणारी, कप फोडणारी, दारं आपटणारी. "वहिनी," ती मला म्हणायची, "यांचं चाललं असतं तर यांनी मलाही तेलकट कागदात गुंडाळून फळीवर ठेवलं असतं." घरामागची लिंबांची बाग त्या दोघांनी लावली. सुट्टीच्या दिवशी भाऊजी खड्डा खणायचे, ती रोप धरायची आणि त्यांना चिडवायची, "मुळांना कव्हर नको का?" झाडं दोघांच्या हाताला लागली. मूलबाळ नव्हतं. ती लिंबंच त्यांचं काय ते.

मग जाऊबाई अंगणात पडली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. व्यायाम करून घ्यायला एक बाई घरी यायच्या. कडक होत्या. त्यांनी भाऊजींना बजावलं, "रडल्या, ओरडल्या तरी रोज उभं करायचं. चालवायचंच. नाहीतर सांधा धरेल." भाऊजी उभं करायचे, ती किंचाळायची, की लगेच परत निजवायचे. "राहू दे, दुखतंय तिला." दुसऱ्या दिवशीही राहू दे. तिच्या उशा सारख्या करायचे, पाय चेपायचे, तोंडात घास द्यायचे. इतकं कुणी कुणाचं केलेलं मी पाहिलं नाही. ती पुन्हा उभी राहिली नाही. छातीत कफ साठला आणि पडल्यापडल्याच ती गेली. जाताना तिच्या अंगावर घालायला मी तिची रेशमी शाल काढली. लग्नातली, चांगली म्हणून कधी न वापरलेली. घडी उलगडली तर घडीघडीवर चिरत गेली. नुसती ठेवून.

त्यानंतर भाऊजी बागेतच असत. पण गुडघे त्यांचेही गेले, ह्यांचेही. खुरपायला येणारी माणसं एकेक करून शहरात कामाला गेली. दोन पावसाळ्यांत तण असं माजलं की झाडांचे बुंधे दिसेनात, लिंबं बारीक पडू लागली.

आमच्या शेजाऱ्याला सगळे धडाका म्हणतात. त्याचा ट्रॅक्टर मोठा आहे. बोनेट कधीच उडालंय, बसायला पोतं, दिवे फुटलेले. त्यानं ह्यांच्याकडे जमीन खंडानं कसायला मागितली. "लिंबांची झाडं काढतो, चारा लावतो. तुमची कटकट जाईल."

हे भाऊजींना म्हणाले, "बघ बाबा. पावसाच्या आत रान मोकळं झालं तर बाग आपली. नाही झालं, तर मी त्याला हो म्हणणार. मला ते जंगल बघवत नाही रे रोज."

थोड्या दिवसांनी टेंपोतून त्यांचा ट्रॅक्टर उतरला.

छोटाच. लाल. त्याचं बोनेट माझ्या छातीपर्यंतही येत नव्हतं. दोन ओळींच्या मधून बरोब्बर जाईल असा. धडाक्याचा रणगाडा तिथे शिरत नव्हता, म्हणून तर भाऊजींनी आयुष्यभराची शिल्लक यात घातली होती. ह्यांनी भोवती एक फेरी मारली. "याला चालवायचं की कडेवर घ्यायचं?" भाऊजी हसले. जाऊबाई गेल्यापासून दात दिसतील असं हसलेले मी तेव्हाच पाहिले.

दुकानातून आलेल्या मिस्त्रीनं सगळं समजावलं. तेलाची पट्टी कशी ओढून बघायची, रेडिएटरपुढची जाळी कशी झाडायची, ग्रीस कुठे कुठे भरायचं, चाकांचे नट पुन्हा कधी आवळायचे. मागे रोटाव्हेटर जोडून दाखवला, त्याची तण-माती कापणारी फिरती पाती जमिनीला टेकवून उचलून दाखवली. मध्येच त्याचा फोन वाजला. खांद्यात फोन धरून, टेंपोत चढता चढता तो म्हणाला, "आणि काका, नवीन इंजिन आहे, पहिले पन्नास तास जपून चालवा. पन्नास झाले की बोलवा, तेल बदलून देतो."

जपून. भाऊजींना आयुष्यात इतकी सोपी आज्ञा कुणी दिली नसेल.

सोबत एक पुस्तिका होती. तिला त्यांनी खाकी कव्हर घातलं, वर प्लास्टिक चढवलं आणि कपाटात ठेवली. मी म्हटलं, "वाचा की जरा." तर म्हणाले, "माणसानं समोर उभं राहून सांगितलंय वहिनी. उघडून उघडून पानं कशाला सुटी करायची?"

रोज सकाळी ट्रॅक्टरवरची ताडपत्री काढायचे, तिची घडी घालायचे. पट्टी ओढून तेल बघायचे, जाळी मऊ कुंचल्यानं झाडायचे, चाकांतली हवा बघायचे. यात एक दिवस चुकला नाही. मग इंजिन चालू करायचे आणि शेजारी स्टुलावर बसायचे. रेस अगदी कमी. ते आपलं मांजरासारखं घुर्र घुर्र करत उभं. फार तर गोठ्याच्या मोकळ्या शेडपासून बागेच्या फाटकापर्यंत न्यायचे आणि परत आणायचे. माझी माळ तेव्हाच चालू असायची. आत माझा जप, बाहेर त्यांचं जपणं. मनातल्या मनात मीही त्या आवाजाला धरून मणी सरकवू लागले होते.

तास दाखवणारा एक छोटा आकडा स्टिअरिंगपुढे होता. तो वाढला की भाऊजी आत येऊन सांगायचे, पोराचे गुण सांगावेत तसे.

एकदा ह्यांच्या टोमण्यांना कंटाळून त्यांनी रोटाव्हेटर जोडला. पहिल्या ओळीत गेले. पाती इतकी वर धरली होती की तणाचे शेंडे तेवढे हलले.

"काय रे," हे कुंपणावरून ओरडले, "गवताला गुदगुल्या करतोयस का?"

"नवीन आहे दादा. पन्नास होऊ देत, मग बघ."

धडाका येता-जाता थांबायचा. "कव्हरभाऊजी, हे पिल्लू काम करतं की नुसतं घोरतं?"

"व्हायचेत अजून तास."

"अहो, माझ्याला इतक्या तासांत नांगराचे दोन फाळ मोडले होते!"

"म्हणून तर तुझ्याकडे बघवत नाही," भाऊजी म्हणाले. धडाका खो-खो हसला. माणूस वाईट नाही तो. नंतर मला तसं वाटून घ्यायला फार कष्ट पडले, पण वाईट नाही.

तण कमरेला आलं. मी एकदा धीर करून म्हटलं, "भाऊजी, आता लावा की कामाला. ढग दिसायला लागले."

"एवढी कळ काढलीय वहिनी. आता घाई करून वाट लावायची का?"

मला वाटलं, यंत्रातलं आपल्याला काय कळतंय.

पन्नास भरले त्या सकाळी त्यांनी अंघोळ करून धुतलेला सदरा घातला. मला म्हणाले, "देवापुढे माझ्या नावानं दिवा लावा." मी लावला. दोन गोष्टी मागितल्या. ट्रॅक्टर नीट चालू दे आणि बाग राहू दे.

भाऊजी पहिल्या ओळीत शिरले, रोटाव्हेटर खाली सोडला, पाती मातीत रुतली. आणि ते इंजिन दबलं. कण्हल्यासारखा आवाज आला. सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला, इतका की भाऊजी दिसेनात. ते उतरले, परत चढले, परत प्रयत्न केला. ओढच नव्हती त्यात. सायलेन्सरच्या तोंडातून काळं तेल ओघळून त्या कोऱ्या लाल बोनेटवर पडलं. भाऊजींनी आधी ते पुसलं. मग पट्टी ओढून बघितली. सकाळी खुणेवर असलेलं तेल खाली उतरलं होतं.

मिस्त्री आला तेव्हा आम्ही तिघंही शेडमध्ये उभे होतो. त्यानं आकडा बघितला, धूर बघितला, आणि विचारलं, "आतापर्यंत काय काय कामं केली यानं?"

"काम नाही," भाऊजी अभिमानानं म्हणाले. "एकही नाही. रोज हळू रेसवर ठेवायचो. जपून."

मिस्त्रीनं हातातला पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"काका, जपून म्हणजे... एकदम ताणू नका, एकाच रेसवर धरू नका, असं. पण कामाला लावायचं असतं हो. थोडं हलकं, थोडं जड. आतल्या पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला घासल्या पाहिजेत, तेव्हा त्या बसतात. इंजिन कामानंच रुळतं. नुसतं हळू चालवलं की आतून काचेसारखं गुळगुळीत होतं. मग रिंगा धरत नाहीत, तेल वर येतं, जोर जातो."

"म्हणजे मी बिघडवलं," भाऊजी म्हणाले.

"मी जपून म्हणालो," मिस्त्री खाली बघत म्हणाला. "गडबडीत होतो. सगळ्यांना तेच सांगतो मी. सगळे जोरातच चालवतात हो काका. असं... असं कुणी केलं नव्हतं कधी."

आता पुढे काय, ते ह्यांनी विचारलं. इंजिन खोलून आतून घासायचं तर ट्रॅक्टर दुकानात न्यावा लागेल, भाग मागवावे लागतील, पावसाच्या आत काही व्हायचं नाही. दुसरा उपाय एकच. नवं तेल घालून देतो, मिस्त्री म्हणाला, पाती खोल घाला, फुल रेस द्या आणि ओढा. "ओरडेल, धूर ओकेल. दया करायची नाही. कधी कधी रिंगा बसतात. थांबलात तर मात्र गेलं."

दुसऱ्या दिवशी भाऊजी चढले. मी फाटकाशी उभी होते, हातात माळ. पाती खोल गेली. भाऊजींनी रेसचा दांडा पुढे ढकलला. तो आवाज मला अजून विसरता आलेला नाही. सगळा ट्रॅक्टर थरथरत होता, धूर काळानिळा येत होता, पण सरकत होता. तण कापलं जात होतं. मागे काळी माती उलटत होती. एक झाड, दुसरं झाड. हे ओरडले, "शाब्बास! दे, दे अजून!"

आणि मी बघितलं, भाऊजींचा हात दांड्यावर मागे येत होता. त्यांनी तो पुढे ढकलला. तो परत मागे आला. जसा काही त्यांचा नव्हताच. आवाज खाली आला.

"थांबू नकोस!" हे फाटकातून लंगडत पुढे आले. "अरे, मिस्त्री काय म्हणाला?"

भाऊजींनी चावी फिरवली. एकदम सगळं शांत झालं. मी तणातून वाट काढत जवळ गेले. त्यांचे डोळे धुरानं लाल झाले होते.

"भाऊजी, अजून थोडं. मी आहे इथे. नाहीतर ह्यांना बसू द्या."

"नको," ते म्हणाले. "दादानं केलं काय, मी केलं काय. ऐकवत नाही मला." मग खाली बघत, स्टिअरिंगला म्हणावं तसं म्हणाले, "ती पण अशीच ओरडायची. मी थांबायचो."

हे तोंड फिरवून घराकडे गेले. मी नुसती उभी राहिले, अंगठा एकाच मण्यावर.

पुढचे दिवस भाऊजी जेवायला येत, पानात असेल ते खात आणि जात. ट्रॅक्टर ओळीतच उभा होता. ताडपत्री घालायलाही ते गेले नाहीत. पहिली सर येऊन गेली. ह्यांनी धडाक्याला हो सांगितलं. भाऊजींना सांगायला मला पाठवलं. स्वतः गेले नाहीत. मी जाऊन सांगितलं. "बरं," ते म्हणाले. एवढंच.

धडाका माणसं घेऊन आला. कडेची झाडं त्याच्या रणगाड्यानं उपटून काढली. आतल्या ओळींत मात्र तो शिरेना. माणसांनी झाडांची मुळं खणून तोडली, पण आडवी पडलेली झाडं बाहेर ओढायची कशी? धडाका डोकं खाजवत शेडमध्ये आला. भाऊजी तिथेच बसले होते.

"कव्हरभाऊजी, तुमचं पिल्लू ओळीत जातं. साखळी लावून बघू का? ओढून ओढून रुळेल तरी."

मला वाटलं, आता ह्या माणसाच्या तोंडात मारावी. तो मात्र अगदी भाबडेपणानं बोलत होता. त्याला खरंच वाटत होतं की आपण मदत करतोय.

"माझं मी चालवीन," भाऊजी म्हणाले आणि उठले.

"भाऊजी, तुम्ही नका," मी म्हटलं. "त्यांना करू द्या त्यांचं."

"आता काय राखायचंय वहिनी?"

पहिल्या झाडाला साखळी अडकवली. भाऊजींनी दांडा पुढे ढकलला, पार शेवटपर्यंत, आणि हात तिथेच ठेवला. तसंच ओरडलं ते, तसाच धूर ओकला. भाऊजींनी मागे पाहिलं नाही. झाड मातीत चर पाडत बाहेर आलं. फांद्यांना हिरवी लिंबं होती, ती चरात सांडत गेली. परत आत. दुसरं झाड. दुपारपर्यंत तेच. सगळ्या आवारात चुरगळलेल्या पानांचा वास भरला. जाऊबाईच्या हातांना यायचा तोच. मी आत गेले, परत बाहेर आले. कुठेच थांबवेना.

उन्हं कलली तेव्हा आवाज बदलल्यासारखा वाटला. आधी मला वाटलं, माझेच कान बधिर झाले. पण हे बाहेर आले आणि कान देऊन उभे राहिले. भरीव, एकसारखा आवाज. सायलेन्सरच्या तोंडाशी नुसती हवा थरथरत होती, धूर नव्हता.

"रुळलं की रे!" ह्यांच्या तोंडून निघून गेलं. आणि लगेच त्यांनी तोंडावर हात धरला.

शेवटचं झाड फाटकाजवळचं. सगळ्यात जुनं. भाऊजींनी तेही ओढलं. ट्रॅक्टरनं ते असं आणलं जसं काही वजनच नाही. धडाका टाळ्या वाजवत म्हणाला, "वा! आता हे कुठेही कामाला न्या." भाऊजी उतरले. सवयीनं पट्टी ओढून तेल बघितलं. तेल खुणेवर होतं. पट्टी पुसून परत घातली आणि मोकळ्या रानाकडे न बघता घरात आले.

देवानं माझं ऐकलं नाही असं कसं म्हणू? दोन गोष्टी मागितल्या होत्या, एक दिली. मागताना क्रम नीट सांगितला नसेल.

तिन्हीसांजेला पाऊस लागला. ट्रॅक्टर मोकळ्या रानात उघडा होता. मी ताडपत्री घेऊन निघाले, तर भाऊजी दारात उभे होते.

"असू दे वहिनी," ते म्हणाले. "भिजेल तर भिजेल."

तो भिजत राहिला, लाल, चकचकीत. भोवती सगळे खड्डे पाण्यानं भरत होते. भाऊजी छत्री न घेता बाहेर पडले, ट्रॅक्टरपर्यंत गेले नाहीत, फाटकाजवळच्या खड्ड्याशी जाऊन उभे राहिले. ह्यांनी मला विचारलं, "बोलावू का त्याला?" मी म्हटलं, "काय म्हणून बोलावणार?"

मग आम्ही दोघंही दारातच उभे राहिलो.